गिऱ्हाइकाला आधी विचारा, मग निरोप धाडा
(थेट विक्री करणाऱ्या सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांसाठी)



खत केव्हा द्यायचं, फवारणी कधी घ्यायची, बियाणं कुठलं निवडायचं, यावर आपण नेहमी बोलतो. आज थोडं वेगळं बोलू. माल हाती आल्यावर तो आपल्याच हातानं गिऱ्हाइकाला विकायचा, तर त्याला निरोप कसा धाडायचा आणि तो पोचला की नाही याचा माग किती काढायचा, हा आजचा विषय आहे. ऐकायला हा दुकानदाराचा विषय वाटेल. पण ज्यानं एकदा रस्त्याकडेला स्टॉल लावला किंवा पुण्याला पार्सल पाठवलं, तो त्या दिवसापुरता दुकानदार झालाच.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत थेट विक्री आता नवी राहिलेली नाही. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, पाटणकडचा इंद्रायणी तांदूळ, कराडकडचा गूळ, तासगावचा बेदाणा, सांगलीची हळद, हा माल शेतकऱ्याच्या हातून सरळ शहरातल्या घरात जाऊ लागला आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली, सांगलीच्या बेदाण्याला आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला 2016 साली, तर सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मालाला नाव आहे. पण नाव ऐकून एकदा आलेलं गिऱ्हाईक पुढच्या हंगामात पुन्हा येईल का, हे आपल्या मोबाईलमधल्या त्या नंबरांवर आणि आपण ते कसे वापरतो यावर ठरतं.

एका दाबाचं नुकसान

एक उदाहरण घेऊ. समजा, भिलारकडच्या एका बागायतदाराकडे दोनशे गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. कोणी स्टॉलवर डबी घेतली, कोणी गुगल पे केलं, कोणी नुसता भाव विचारला. सगळ्यांचे नंबर त्यानं साठवले आणि एक ग्रुप काढून सगळ्यांना त्यात घातलं. विचारलं कोणालाच नाही. मग रोज पहाटे सुप्रभातचं चित्र, सणाला शुभेच्छा, मधूनच भाचीच्या लग्नाचे फोटो. पहिल्या आठवड्यात वीस जण ग्रुप सोडून गेले. बाकीच्यांनी आवाज बंद करून टाकला.

मार्चमध्ये एक दिवस असा आला की चाळीस किलो फळ एकदम लाल झालं. दोनशे ग्रॅमच्या दोनशे डब्या. स्ट्रॉबेरी थांबत नाही. शीतगृह नसेल तर दुसऱ्या दिवशी ती मऊ पडते. आता खरा निरोप धाडायचा होता, तर तो वाचणारं कोणी उरलं नव्हतं. माल चांगला, भाव रास्त, पण निरोप कचऱ्यात गेला. शेवटी फळ पडेल त्या भावानं द्यावं लागलं.

यात नुकसान फळानं केलं नाही, मोबाईलनंही नाही. न विचारता बोलण्यानं केलं. कोणाच्या घरी जाताना आपण दार वाजवतो, "आहे का कोणी घरात?" म्हणतो, मग आत जातो. मोबाईल हे तसंच दार आहे.

किर्लोस्करवाडीचा धडा

गिऱ्हाइकाशी बोलण्याचा विचार आपल्या भागाला परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, असा समज होता. 1910 साली त्या वेळच्या औंध संस्थानात, म्हणजे आजच्या पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी वसली. तिथून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागलं. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत न्यावी, असा त्याचा मूळ हेतू होता. पुढे त्यातूनच 'किर्लोस्कर' हे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक उभं राहिलं.

यात आपल्यासाठी घेण्यासारखं काय? नुसतं "घ्या घ्या" म्हणून गिऱ्हाईक ऐकत नाही. त्याच्या उपयोगाचं काही असेल तर ते स्वतः वाट बघतं. आपल्याला मासिक काढायचं नाही. पण आपला निरोप घरच्या बाईला किंवा माणसाला उपयोगी पडला पाहिजे, एवढं खरं.

पहिलं काम: चार प्रश्न विचारा

माल हातात देताना, पैसे घेताना, किंवा पार्सलमध्ये चिठ्ठी घालून हे चार प्रश्न विचारायचे.

1. पुढच्या हंगामाचा निरोप पाठवू का?
2. कशावर पाठवू? फोनवर, एसेमेसवर की व्हॉट्सॲपवर?
3. कुठल्या मालाचा पाठवू? फक्त हळद, की बेदाणाही?
4. दिवसातली कुठली वेळ बरी?

हसू नका. चौथा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. मुंबईत माथाडीत काम करणारा आपलाच गाववाला दुपारी फोन उचलू शकत नाही. शाळेत शिकवणाऱ्या बाई संध्याकाळीच मोबाईल बघतात. वयस्कर आजोबांना व्हॉट्सॲप जमत नाही, त्यांना फोनवर दोन शब्द बोललेलं बरं वाटतं. एकाच पाण्यानं सगळी पिकं येत नाहीत, तशी एकाच रीतीनं सगळी गिऱ्हाइकं सांभाळता येत नाहीत.

पार्सलमध्ये घालायच्या चिठ्ठीचा नमुना असा:

"रामराम. आमची हळद घेतलीत, आभारी आहोत. नवी हळद तयार झाली की कळवावं, अशी इच्छा असेल तर या नंबरावर 'हळद' एवढं लिहून पाठवा. वर्षातून दोन-तीनच निरोप येतील. नको वाटेल तेव्हा 'बंद' लिहा, लगेच थांबवू. तुमचा नंबर दुसऱ्या कोणाला देणार नाही. निरोप नको असला तरी माल केव्हाही मिळेल."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. नंबर दिला तरच माल, अशी अट घालू नका. गिऱ्हाइकानं खुशीनं दिलेला होकारच टिकतो.

दुसरं काम: वही घाला

आडतदाराच्या गादीवर वही असते. कोणाचा माल, किती वजन, काय भाव, सगळं त्यात. आपणही शंभर पानी वही घ्यायची आणि रकाने आखायचे: नाव, गाव किंवा शहर, नंबर, कशावर निरोप हवा, कोणत्या मालाचा, कोणती वेळ, होकार कोणत्या तारखेला दिला, आणि आपल्याकडे कुठून आले. ज्यांना मोबाईलवर जमतं त्यांनी व्हॉट्सॲपच्या बिझनेस ॲपमध्ये नावांना रंगीत लेबल लावावीत. 'हळद', 'बेदाणा', 'फोनच करा', 'निरोप नको' अशी चार लेबलं पुष्कळ झाली.

मात्र कामापुरतंच लिहा. "आईला साखरेचा त्रास आहे म्हणून गूळ नको," असं कोणी बोलता बोलता सांगितलं, तर वहीत 'गूळ नको' एवढंच लिहायचं. आजारपण, घरातली भांडणं, पगार, यातलं काही लिहायचं कारण नाही. जे लिहिलंच नाही ते कधी फुटतही नाही.

तिसरं काम: निरोप नीट धाडा

व्हॉट्सॲपवर ग्रुप आणि ब्रॉडकास्ट यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. आपण दोनशे अनोळखी माणसांचे नंबर चावडीवर लावल्यासारखं होतं. एखाद्या भगिनीला रात्री भलत्याच माणसाचा फोन आला, तर दोष आपल्याकडे येतो. म्हणून गिऱ्हाइकांचा ग्रुप काढू नका. ब्रॉडकास्ट यादीतून धाडलेला निरोप ज्याचा त्याला वेगळा मिळतो, एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. साध्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणांपर्यंत नावं घालता येतात.

पण एक मेख ध्यानात ठेवा. ब्रॉडकास्टचा निरोप फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये साठवला आहे. पुष्कळ जण म्हणतात, "मी तीनशे जणांना पाठवतो आणि चाळीसच उत्तरं देतात." बाकीच्यांना निरोप मिळालाच नसेल. म्हणून माल देतानाच सांगायचं, "ताई, नंबर साठवून ठेवा, 'हळदवाले, वाळवा' असं लिहा." ज्या ताई नंबर साठवतात, त्यांनी एक प्रकारे होकारच दिला.

निरोप हंगामाला धरून असावा. हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश झाली की एक. नवा बेदाणा शेडवरून उतरला की एक. दिवाळीआधी घेवडा तयार झाला की एक. स्ट्रॉबेरीवाल्यांनी नोव्हेंबर ते एप्रिल या काळात आठवड्याला एकापेक्षा जास्त पाठवू नये. निरोपात चार गोष्टी हव्यातच: माल कोणता, भाव काय, किती शिल्लक आहे, आणि मागणी कधीपर्यंत कळवायची. त्यासोबत उपयोगाची एखादी ओळ घालावी. बेदाणा काचेच्या बरणीत घट्ट झाकून थंड जागी ठेवा, असं काही. रोजचं सुप्रभात मात्र घरच्यांसाठी राहू द्या.

माग काढावा, पण कुठवर?

आता दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळू. निरोप धाडला, पुढे काय झालं हे कळलं पाहिजे. ते कळलं नाही तर पुढच्या वर्षी माल किती ठेवायचा, स्टॉल कुठे लावायचा, याचा अंदाज येणार नाही. तेव्हा माग काढणं वाईट नाही. फक्त तो मालाचा आणि विक्रीचा काढावा, माणसाच्या पाठीमागे फिरू नये.

व्हॉट्सॲपवर निरोप गेला की एक खूण येते, पोचला की दोन, आणि वाचला की त्या निळ्या होतात. पण या खुणांवर फार विसंबू नका. बऱ्याच जणांनी निळी खूण बंद केलेली असते. एकच खूण राहिली, तर मोबाईल बंद असेल, नंबर बदलला असेल, नाहीतर आपल्याला अडवून ठेवलं असेल. आणि निळी झाली म्हणजे माल घेणार, असंही नाही. "खूण निळी दिसतेय, मग उत्तर का नाही दिलंत?" असा फोन तर कधीच करू नका. दुसऱ्याच्या खिडकीतून डोकावून "चूल पेटलेली दिसतेय, मग जेवायला का बोलावलं नाही?" असं विचारण्यासारखं ते आहे.

याहून सोपी आणि सरळ रीत आहे. प्रत्येक जागेला एक शब्द द्या. स्टॉलवरच्या पाटीवर लिहा, "मागणीसाठी 'स्टॉल' लिहून पाठवा." पार्सलच्या चिठ्ठीवर 'पार्सल', शहरातल्या प्रदर्शनात 'प्रदर्शन'. बिझनेस ॲपमध्ये आपल्या नंबराची लिंक आणि क्यूआर कोड तयार होतो आणि त्यात असा शब्द आधीच भरून ठेवता येतो. गिऱ्हाइकाला तो शब्द डोळ्यांसमोर दिसतो, तेच तो पाठवतं. लपवाछपवी काही नाही, आणि माणूस कुठून आला हे आपल्याला कळतं.

मग हंगामाच्या शेवटी वहीत बेरीज मांडायची. समजा, स्टॉलवरून तीस जण आले आणि त्यातले सहा पुन्हा आले. ओळखीतून बारा जण आले आणि त्यातले नऊ पुन्हा आले. म्हणजे स्टॉलचे पाचातले एक टिकले, ओळखीचे चारातले तीन. तर पुढच्या वर्षी जुन्या गिऱ्हाइकांना "तुमच्या शेजारणीलाही सांगा" म्हणून एक पाकीट जास्तीचं देणं हे नव्या फलकापेक्षा स्वस्त पडेल. एवढा हिशोब पेन्सिलीनं होतो.

कानातला बिल्ला

हल्ली गावात संगणकाची माहिती असलेली पोरं येतात आणि म्हणतात, "काका, तुमची वेबसाइट करून देतो. कोण आलं, काय बघितलं, सगळं तुम्हाला दिसेल." हे कसं चालतं ते समजून घ्या. वेबसाइट उघडली की ती गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये एक बारीक चिठ्ठी ठेवते. तिला कुकी म्हणतात. माणूस पुन्हा आला की चिठ्ठीवरून ओळख पटते. काही पानांवर पिक्सेल नावाचा न दिसणारा भाग बसवलेला असतो. तो बघितलेल्या पानाची खबर जाहिरातीच्या मोठ्या कंपनीला देतो. म्हणून तर एकदा कुठे पंपाची किंमत बघितली की पुढे आठ दिवस पंपाच्याच जाहिराती दिसत राहतात.

जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला मारतात. लसीकरणाची, मालकीची नोंद राहते, त्याचा फायदाच आहे. पण गिऱ्हाईक म्हणजे जनावर नव्हे. त्याला न सांगता बिल्ला मारणं बरं नाही. वेबसाइट करून घेणार असाल, तर त्या पोराला तीन प्रश्न विचारा. ही माहिती कोणाकोणाकडे जाते? किती दिवस ठेवली जाते? गिऱ्हाइकाला 'नको' म्हणायची सोय पानावर आहे का? धड उत्तर मिळालं नाही, तर साधं पान करा: मालाचे फोटो, भाव, नंबर. किती जणांनी पान उघडलं एवढा आकडा आपल्याला पुरे. कोणी उघडलं याची उठाठेव नको.

कायदा काय सांगतो

जाहिरातीचे फोन आणि एसेमेस यांवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे 2018 सालचे नियम आहेत. ज्याला असे फोन नको असतील तो 1909 या नंबरावर नोंद करू शकतो, आणि तक्रारही करू शकतो. आपल्या साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरातीचे घाऊक एसेमेस धाडले आणि तक्रारी गेल्या, तर तो नंबर बंद होऊ शकतो. ऐन हंगामात नंबर गेला तर काय होईल, याचा विचार करा. व्हॉट्सॲपवर 1909 चालत नाही, पण तिथे गिऱ्हाईक आपल्याला अडवू शकतं आणि कंपनीकडे तक्रारही करू शकतं.

दुसरा कायदा 2023 सालचा, डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले आणि माहिती गोळा करणाऱ्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करायचं ठरलं. त्याचा गाभा साधा आहे. माहिती कशासाठी घेतो हे सांगावं, खुशीचा होकार घ्यावा, त्याच कामाला ती वापरावी, आणि होकार देणं जितकं सोपं तितकंच तो मागे घेणंही सोपं असावं. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिरात करायला त्यात मनाई आहे. वर सांगितलेली चिठ्ठी आणि वही नीट ठेवलीत, तर या कायद्याच्या वाटेवर तुम्ही निम्मे चालून गेलात असं समजा.

यादी म्हणजे पेव

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तुम्हाला ठाऊक आहेत. तोंड अरुंद, पोट मोठं, आत वर्षानुवर्षं हळद सुरक्षित. पण 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि बऱ्याच पेवांचं नुकसान झालं. आपली नंबरांची यादी तशीच आहे. भरायला वर्षं लागतात, बिघडायला एक दिवस पुरतो.

म्हणून मोबाईलला कुलूप लावा. यादीची एक नक्कल वहीत आणि वही पुराच्या पाण्यापासून उंच जागी ठेवा. कृष्णाकाठच्या लोकांना 2019 आणि 2021 चे पूर आठवत असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि कोणी "तुमची यादी द्या, पाच हजार देतो" म्हणालं, तर नाही म्हणा. तो नंबर गिऱ्हाइकानं तुम्हाला दिला आहे, विकायला दिलेला नाही. बाहेरून विकत मिळणाऱ्या याद्याही घेऊ नका. त्यातल्या एकानंही तुमचा निरोप मागितलेला नसतो.

चूक झालीच, तर लपवू नका. नको म्हणणाऱ्याला निरोप गेला तर एकच ओळ लिहा, "माफ करा, यादीतून नाव काढलं आहे," आणि खरोखर काढा. पुष्कळ वेळा असं गिऱ्हाईक आपणहून परत येतं, कारण आपला शब्द खरा असल्याचं त्यानं बघितलेलं असतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. विचारल्याशिवाय निरोप नाही.
2. कशावर, कशाचा, कधी, हे वहीत लिहा.
3. ग्रुप नको, ब्रॉडकास्ट यादी वापरा आणि आपला नंबर साठवायला सांगा.
4. निरोप थोडे, हंगामाचे आणि उपयोगाचे.
5. माग विक्रीचा काढा, माणसाचा नको.
6. 'बंद' म्हटलं की त्याच दिवशी बंद.
7. यादी कोणाला द्यायची नाही, कोणाची घ्यायची नाही.

या हंगामात एवढं करून बघा. जुन्या यादीतल्या सगळ्यांना एकदाच विचारा, "निरोप चालू ठेवू का?" दोनशेतले साठच 'हो' म्हणाले तर नाराज होऊ नका. ज्या दिवशी चाळीस किलो फळ एकदम लाल होईल, त्या दिवशी हे साठ जण तुमचा निरोप उघडून वाचतील. माल वेळेवर जाईल आणि भाव तुमच्या हातात राहील.

तर वही घ्या, रकाने आखा, आणि पहिलं नाव आजच लिहा. रामराम.